अकरा वर्षांचं वाचन

अंध वाचकांच्या वाचनालयात त्याला सगळे ‘डबडेवाले’ म्हणत. कारण सरळ होतं. कुणी टाकून दिलेलं यंत्र दिसलं की हा ते उचलून घरी आणायचा. घरातल्या कपाटावर, पलंगाखाली, बाल्कनीत नुसती डबडी. पूर्वी बायको ओरडायची, “अहो, एक दिवस माझेही स्क्रू काढून ठेवाल!” दोन वर्षांपूर्वी घशाच्या आजारात डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढलं आणि ओरडणं संपलं. आता ती गळ्याला रुमाल बांधे, आणि काही सांगायचं असलं की वहीत लिही. लिहितानाही आधी ‘अहो’ लिहायचं, मग पुढचं.

त्याआधी अकरा वर्षं ती वाचनालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होती. शाळेची पुस्तकं, कथा, आरोग्याची माहिती, जे हातात देतील ते. ते सगळं साठवलेलं होतं एका जुन्या स्टोरेजच्या डब्यात. चार डिस्क, एक छोटा बोर्ड, मागे नेटवर्कची वायर. एका सकाळी तो डबा चालू झालाच नाही. नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला.

ग्रंथपाल बाईंनी फोन केला. “बनवणाऱ्या कंपनीनं हात वर केलेत. म्हणे हे मॉडेल कधीच बंद झालं. आणि इथे लोक रोज विचारतात, त्या वाचणाऱ्या बाई कुठे गेल्या? काय सांगू मी त्यांना?”

डबा घरी आला. डिस्क एकेक करून तपासल्या, चारही ठणठणीत. पण चारही एकत्र जोडल्याशिवाय काही वाचता येत नव्हतं, आणि त्याच्या कॉम्प्युटरला एका वेळी एकच जोडता येई. बिघडली होती ती डब्याच्या आतली मूळ प्रणाली. तिच्या जागी पेनड्राइव्हवर लिनक्स बसवायचं, तेही डिस्कना हात न लावता, असं त्यानं ठरवलं. बायकोला एवढंच म्हणाला, “वाचनालयाचं काम आहे.” मनात मात्र मांडे खात होता. तिचा आवाज तिला परत ऐकवायचा.

डब्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. त्याच्याशी बोलायचं तर बोर्डाच्या कडेला असलेल्या चार बारीक ठिपक्यांवर पिना सोल्डर करायच्या आणि सिरियल केबलनं त्या कॉम्प्युटरला जोडायच्या. पहिल्या रविवारी स्क्रीन कोरी. पाठवायची आणि घ्यायची वायर उलटसुलट झाली होती. अदलाबदल केली, तर चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा नुसता पाऊस. वेग चुकला होता. तो जुळवला आणि अक्षरं सरळ झाली. डबा बोलायला लागला. चालू केला की स्क्रीनवर तीनपासून उलटे आकडे मोजायचा. तेवढ्यात एखादी की दाबली तर थांबणार, नाहीतर पुन्हा त्याच बिघडलेल्या प्रणालीत जाऊन अडकणार.

तो की दाबायचा. डबा थांबायचा नाही. तीन, दोन, एक. तीन रविवार हेच. केबल बदलली, सेटिंग उलटीपालटी करून पाहिली.

“बोलतोय, पण ऐकत नाहीये मेला,” तो चिडून म्हणाला.

बायको शेजारी भाजी निवडत होती. तिनं हात पुसले, भिंग घेतलं आणि बोर्ड उजेडाकडे तिरका धरला. बराच वेळ बघून तिनं वही ओढली. ‘अहो, तिसऱ्या पिनेभोवती चीर आहे. केसाएवढी.’

खरंच होती. डब्यानं ऐकायची तीच पिन, आणि तिचं सोल्डर धरलंच नव्हतं. त्यानं ती पिन नव्यानं तापवून जोडली, डबा चालू केला, की दाबली. मोजणी दोनवर थांबली. तो हसला, तिच्या पाठीवर थाप मारली. तीही हसली, आवाज न करता.

दुपारभरात लिनक्स बसलं. चार डिस्क जुळल्या, फोल्डरांची लांबलचक यादी उतरली. तिला काही न विचारता त्यानं एक फाइल लावली.

“धडा पहिला,” खोलीत तिचा आवाज आला. स्वच्छ, भरदार, वाक्याच्या शेवटी किंचित खाली येणारा.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. मग ती उठली, स्पीकरची वायर उपटली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. जेवायच्या वेळी ती बाहेर आली तेव्हा वहीत दोनच ओळी होत्या. ‘त्यांना ऐकू दे. मला नको.’ वरती ‘अहो’ नव्हतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. तिनं ताट पुढे सरकवलं.

डबा वाचनालयात गेला आणि व्यवस्थित चालला. ग्रंथपाल बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दर गुरुवारी तो देखभालीला जाऊ लागला. काम दहा मिनिटांचं. उरलेला तास तो कोपऱ्यात हेडफोन लावून बसे. घरी सांगायचा, बॅकअप घेत होतो.

एका गुरुवारी तो घरी आला तर वही टेबलावर उघडी होती. ‘आज कोणतं?’

तो खोटं बोलायला गेला, पण जीभ रेटेना. “आठवीचा भूगोल,” तो म्हणाला.

तिनं पेन घेतलं. ‘नद्यांच्या धड्यात एक नदी माझ्याकडून राहिली होती. पुढच्या आठवड्यात नीट करणार होते. मग दवाखानाच मागे लागला.’

पुढच्या गुरुवारी त्यानं छापील पुस्तक समोर ठेवून तो धडा ऐकला. पाच नद्या होत्या, तिनं चारच वाचल्या होत्या. मध्ये कागद उलटल्याचा आवाज, आणि लगेच पुढचा परिच्छेद. त्यानं तेवढाच भाग तीनदा ऐकला. मग हेडफोन काढले, डब्यावरची धूळ पुसली आणि घरी गेला.