घासलेल्या नंबराची गाडी

जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत, एका काळ्या गाडीच्या टाकीवर हात ठेवून बसलेली ती बाई अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही. निवृत्त झाल्यावर लोक मला खुनाबद्दल विचारतात, दरोड्याबद्दल विचारतात. ते सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण सांगायला बसलो की मला आधी ही साधी वाहनचोरीच आठवते.

त्या वेळी कात्रजच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. आमच्या हद्दीत शहरात नव्याने आलेली काही गावं होती. अशाच एका गावातली ही बाई पन्नाशी ओलांडलेली होती. नवरा आधीच गेलेला. एकुलता एक मुलगा खराडीच्या एका कंपनीत संगणक दुरुस्तीचं काम करायचा आणि रोज मोटारसायकलने शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला आणि आठवड्याभरात तो गेला. गाडी राहिली.

बाईंनी ती गोठ्यात ठेवली होती. बॅटरी उतरू नये म्हणून त्या रोज सकाळी स्वतः किक मारून ती सुरू करायच्या आणि थोड्या वेळाने बंद करायच्या. एके दिवशी त्या शेतातून परत आल्या, तर गोठा रिकामा.

तक्रार द्यायला आल्या तेव्हा ठाणे अंमलदाराने गाडीचा रंग, मॉडेल, नंबर विचारला. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "टाकीला डाव्या बाजूनं पोचा हाय. फाटकाला धडकला व्हता एकदा. ल्ह्या की त्ये बी." अंमलदार कंटाळला होता, पण त्याने लिहिलं. पुढे त्या एका ओळीवर बरंच काही अवलंबून राहिलं.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी बाई येत. आमचे शिपाई त्यांना मावशी म्हणू लागले. त्या कुणावर आवाज चढवत नसत. "काय लागला का पत्त्या?" एवढंच विचारायच्या, बाकावर बसून पाणी प्यायच्या आणि निघून जायच्या. भांडणाऱ्या तक्रारदाराला उत्तर देता येतं. अशा तक्रारदाराला काय सांगावं हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

मग खबऱ्याकडून बातमी आली. घाटाच्या पायथ्याला एका गॅरेजमध्ये जुन्या मोटारसायकली येतात आणि नव्या रंगात बाहेर पडतात. आम्ही पंच घेऊन छापा घातला. पाच गाड्या मिळाल्या. पाचही गाड्यांचे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ग्राइंडरने घासून गुळगुळीत केले होते. पंचनामा करून गाड्या ठाण्याच्या आवारात आणल्या आणि गॅरेजवाल्याला अटक केली.

मावशींना निरोप पाठवला. त्या रांगेतून चालत गेल्या आणि तिसऱ्या गाडीपाशी थांबल्या. गाडी काळी होती. टाकीच्या डाव्या बाजूला पोचा होता. त्यांनी त्या खळग्यात अंगठा टेकवला आणि खाली बसल्या.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच माज्या पोराची."

आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. पण कोर्टाला अंगठ्याची ओळख पुरत नाही. पोचा आलेल्या काळ्या गाड्या पुण्यात शेकड्यांनी असतील. गाडी ओळखायची ती सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराने, आणि तो तर पुसून टाकलेला.

गॅरेजवाला तिशीतला, तोंडाळ माणूस होता. चौकशीत तो अजिबात घाबरला नाही.

"भंगारात घेतल्या साहेब. पावत्या हरवल्या."

"नंबर का घासले?"

"नंबर होते का तिथं? मला तर गंज दिसला. गंज काढला मी. गुन्हा आहे का?"

"आणि आता ते नंबर परत दिसले तर?"

तो हसला. "दाखवा की. मी पण बघतो."

मी न्यायसहायक प्रयोगशाळेला पत्र दिलं. काही दिवसांनी तिथल्या एक तज्ज्ञ बाई दोन पेट्या घेऊन स्वतःच आल्या. बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या, अस्सल पुणेरी. आमच्या हवालदाराने कौतुकाने पेटीतल्या वस्तूला हात लावला, तशा त्या म्हणाल्या, "हवालदार, आपण घड्याळ घातलंय का? मग जरा लांब राहा. चुंबक आहे तो. घड्याळ बंद पडलं तर दुरुस्तीचं सामान मी आणलेलं नाही."

मावशी त्या दिवशीही काळ्या गाडीजवळ बसल्या होत्या. मॅडमनी त्यांना उठवलं नाही. उलट त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसून त्या कामाला लागल्या आणि आम्हाला समजावू लागल्या.

त्यांनी एक लहान चुंबक आधी इंजिनाला लावून पाहिला. तो चिकटला नाही. "हे ॲल्युमिनियम. इथं माझी ही युक्ती चालणार नाही, आम्ल लावावं लागेल. ते नंतर." मग तोच चुंबक सांगाड्याला लावला. टक्कन चिकटला. "हे पोलाद. हे बोलेल."

"पण नंबर तर घासून गेलाय," मी म्हणालो.

"डोळ्यांना दिसणारा गेलाय. नंबर ठोकताना ठशाचा घाव खोलवर जातो. खालचं पोलाद दाबलं जातं, त्याच्या आतल्या कणांची घडण बदलते. वरचं घासलं तरी खालचं तसंच राहतं. आणि जिथं असा मार बसलाय, तिथून चुंबकत्व नेहमीसारखं सहज जात नाही. अडतं, थोडं बाहेर सांडतं. ते जिथं सांडतं तिथं लोखंडाची भुकटी गोळा होते."

मावशी ऐकत होत्या. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण त्या म्हणाल्या, "म्हंजी मार आत राहतो."

"राहतो," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्यांच्या बोलण्यात पुणेरी धार नव्हती.

त्यांनी घासलेला भाग साफ केला. विजेवर चालणाऱ्या चुंबकाची दोन टोकं त्याच्या दोन्ही बाजूंना टेकवली. पेनासारखं टोक असलेला एक मीटर मध्ये धरून चुंबकीय क्षेत्र पुरेसं आहे का ते मोजलं, आकडा टिपून घेतला. मग पातळ तेलात कालवलेली काळी भुकटी त्यावर सोडली. तेल ओघळलं. सुरुवातीला नुसताच डाग दिसला. मग त्या डागात रेघा जमायला लागल्या आणि एकेक अक्षर, एकेक आकडा वर आला. पंच मान पुढे काढून बघत होते. माझा हवालदार तक्रारीला जोडलेल्या कागदांवरच्या चेसिस नंबराशी ताडून पाहत होता. मध्येच तो थांबला आणि माझ्याकडे बघून त्याने मान हलवली.

ती गाडी मावशींची नव्हती.

मी त्यांना कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. त्यांचा हात टाकीवरच होता एवढं आठवतं. "अवो, पर टाकी त्याचीच हाय," त्या म्हणाल्या. "माजा हात चुकंल व्हय?" मी म्हटलं, मावशी, पोचे सारखे असू शकतात. त्या पदराने तोंड पुसून तिथेच बसून राहिल्या.

मॅडम पुढच्या गाडीकडे वळल्या. ती लालभडक रंगवलेली होती. मावशींनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. भुकटी सोडली, आकडे आले आणि हवालदार एकदम ताठ झाला. "साहेब, जुळतोय. शेवटचा सोडून. आपल्याकडे सात आहे. इथं एक दिसतोय."

खरंच, शेवटी इंग्रजी एकाची एक उभी रेघ होती, बाकी काही नाही. मी ही गाडीही सोडून देणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "घाई कशाला? चुंबकाच्या दिशेला आडवा असलेला घावच नीट उठतो. त्याच दिशेने जाणारा लपून राहतो. मी आत्तापर्यंत एकाच दिशेने धरलाय." त्यांनी तेल पुसलं, चुंबक काटकोनात फिरवून धरला आणि पुन्हा भुकटी सोडली. आम्ही सगळे वाकून उभे होतो. उभी रेघ फिकट झाली आणि तिच्या डोक्यावर हळूहळू एक आडवी रेघ उमटली.

सात.

फोटो काढले गेले, पंचांच्या सह्या झाल्या. मावशींना लाल गाडीजवळ नेलं, तर त्या परक्या घरात आल्यासारख्या उभ्या राहिल्या. "ही?" त्या म्हणाल्या आणि मागे वळून काळ्या गाडीकडे बघू लागल्या.

मी फोटो घेऊन गॅरेजवाल्यापुढे बसलो. काही विचारलं नाही, नुसते समोर ठेवले. त्याने एकेक फोटो उचलून पाहिला.

"पण मी तर पूर्ण घासला होता," तो बोलून गेला. आणि आपण काय बोललो हे कळल्यावर त्याने हातातला फोटो पालथा ठेवला.

त्यानंतर अवघड काही उरलं नाही. गाड्या आणून देणाऱ्या साथीदाराचं नाव त्याने सांगितलं, त्यालाही आम्ही उचललं. मी मुद्दाम लाल गाडीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ती गोठ्यातली. एवढे महिने उभी असून पहिल्या किकला सुरू झाली म्हणाला तो."

"आणि टाकी?"

"टाक्या बदलतो ना आम्ही. मालकाला गाडी ओळखू येऊ नये म्हणून. तिची टाकी त्या काळीवर चढवली. काळीची रंगवून हिच्यावर."

मी उठून तसाच आवारात गेलो. "मावशी," मी म्हटलं, "तुमचा हात चुकला नव्हता. टाकी तुमच्या मुलाचीच आहे. गाडी ही, आणि टाकी त्या गाडीवर." त्या क्षणी त्या पहिल्यांदा रडल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता म्हणाल्या, "मला वाटलं, मी इसरले त्याला."

काळ्या गाडीचा मालक मंडईतला भाजीचा व्यापारी निघाला. त्याला बोलावून सगळी हकीकत सांगितली, आणि कोर्टाची परवानगी मिळाली तर टाक्यांची अदलाबदल करायला हरकत आहे का, असं विचारलं. तो माझ्याकडे त्रासिक चेहऱ्याने बघत म्हणाला, "एवढं विचारता काय साहेब? पेट्रोल मावल्याशी मतलब." मग मावशींकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "घेऊन जा तुमची टाकी. माझी काळी गाडी लाल टाकीची झाली, तर मंडईत कुणी चोरणार तरी नाही."

तक्रारीतली पोच्याची ओळ पाहून कोर्टाने आदेश दिला. पंचांसमोर टाक्या बदलल्या आणि गाडी सुपुर्दनाम्यावर मावशींच्या ताब्यात दिली. निकाल लागेपर्यंत गाडी विकायची नाही, बोलावलं की हजर करायची, रंगरूप बदलायचं नाही, या अटी मी त्यांना वाचून दाखवल्या.

नोकरीत मी नेहमी दोन प्रकारचे पुरावे पाहिले. एक मोजता येतो, दुसरा माणूस नुसता सांगतो. पहिल्यावर विश्वास ठेवायला आम्हाला शिकवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. चुंबक नसता तर मी त्या मातेला परक्याची गाडी दिली असती आणि तिच्या मुलाची गाडी भलत्याच घरी गेली असती. पण तिचा अंगठाही खरंच सांगत होता. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने बिनचूक सांगितलं. त्यानंतर कोणी तक्रारदार माझ्यापुढे बसून "मला खात्री आहे साहेब" म्हणाला आणि कागद उलटं सांगत असले, तर मी त्याला खोटा किंवा भ्रमिष्ट ठरवत नसे. त्याची खात्री नेमकी कशाबद्दल आहे, हे आधी विचारत असे. बऱ्याचदा कोडं तिथेच सुटायचं.

गाडी न्यायला मावशींबरोबर त्यांचा पुतण्या आला होता. लाल गाडी, वर काळी टाकी, जरा विचित्रच दिसत होती. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "मावशी, निकाल लागला की पुन्हा काळा रंग देऊन घ्या."

त्यांनी गाडीकडे एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं.

"नगं सायेब, असू द्या," त्या म्हणाल्या. "त्याला लालच पाहिजे व्हती. दुकानात रुसून बसला व्हता. मीच म्हणले, काळी घी, मळ दिसत न्हाई."

आणि पुतण्याच्या मागे एका अंगाला बसून, पदर सावरत, त्या फाटकातून बाहेर पडल्या.