सरांचा अंगठा

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. विषय सांगितला की लोक दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिच्या पेशींना योग्य ते हार्मोन दिलं की त्या स्टेरॉइड बनवतात. माझं म्हणणं एवढंच होतं, की भोवती कॅल्शियम नसेल तर हार्मोन कितीही ओता, पेशी ढिम्म हलणार नाहीत.

पण मेल्या हलायच्या. देवळाली कॅम्पच्या मटणवाल्याकडून बकऱ्याच्या ग्रंथी बर्फात घालून आणायच्या, दिवसभर खपायचं, आणि बिनकॅल्शियमच्या नळीतही स्टेरॉइड हजर. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुझ्या हाताला स्वच्छता नाही. ही शेवटची संधी. नाहीतर नोंदणी रद्द करा म्हणून मीच लिहून देईन." दोन वर्षं पाण्यात जाणार होती. सायखेड्याहून आई फोनवर विचारायची, "संपतंय का नाय तुझं?" मला रडू यायचं आणि संतापही.

मग सर एकदा परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेले आणि नेमका त्याच दिवशी निकाल हवा तसा आला. ते परतले, पुन्हा बिघडला. तेव्हा मी नळ्यांऐवजी सरांकडे बघायला लागले. तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, अंगठ्याने मळायचं, चिमूट ओठाखाली. मग मला मदत म्हणून नळी उचलायची आणि ढवळण्यासाठी तिच्या तोंडावर तोच अंगठा दाबून उलटीसुलटी करायची. चुना म्हणजे कॅल्शियमच की.

पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. शेवटच्या प्रयोगाला त्यांनी नळीकडे हात नेला आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "सर, अंगठा नको. चुना आहे त्याला."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "दाखव सिद्ध करून," म्हणाले. एका नळीला त्यांचा अंगठा, दुसरीला स्वच्छ बूच, बाकी सगळं सारखं.

संध्याकाळी आकडे सरांनीच वाचले. बुचाच्या नळीत जवळजवळ काही नव्हतं. अंगठ्याच्या नळीत भरपूर स्टेरॉइड. त्यांनी परत एकदा वाचून पाहिलं आणि आकड्यांचा कागद माझ्याकडे सरकवला.

"दोन्ही नळ्या प्रबंधात घाल," ते म्हणाले. "बिघाडाचं कारणही लिही. अंगठा कोणाचा, तेसुद्धा."