चढावर न थांबणारी गाडी

दिग्रसच्या जिनिंगचे भोंगे ऐन हंगामातही वाजेनासे झाले, त्या काळात पुंडलिकरावांनी कापसाची दलाली सोडली आणि दोन जुन्या जीप घेऊन त्या प्रवासी वाहतुकीला लावल्या. एक कपिल चालवी, दुसरी शंकरसिंग.

शंकरसिंग दिग्रसच्या रस्त्यावरच्या मोठ्या चढाच्या मध्यावर असलेल्या बंजारा तांड्यातला. ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि पुढे ड्रायव्हर झाला. घराने किंवा शाळेने त्याला कधी शाबासकी दिल्याचे कोणाला आठवत नाही. ती त्याला प्रथम मिळाली डिझेल वाचवण्याबद्दल, आणि ज्या माणसाला एकाच गोष्टीसाठी मान मिळतो तो त्या गोष्टीपुरताच उरत जातो. टायर थंड असतानाच तो हवा तपासी, एअर फिल्टर रोज झटकी, फाट्यावर सवारीची वाट पाहताना इंजिन बंद ठेवी. वजन कमी व्हावे म्हणून टपावरचा लोखंडी कॅरिअर त्याने उतरवला, तेव्हा बाजाराला निघालेल्या बायकांची गाठोडी त्यांच्या मांडीवर आली. या सर्वांवर एक नियम होता : चढावर गाडी थांबवायची नाही. भरलेली जीप चढावर थांबवून पुन्हा उचलायला फार डिझेल जळते, हे खरेच आहे. त्यामुळे तांड्यातली माणसे अर्धा चढ पायी चढून माथ्यावर, सपाटीला जाऊन उभी राहत.

"आपला शंकर दुनियेले ओळखते, फक्त आपल्याले नाही ओळखत," असे बायका चढताना म्हणत आणि हसत. अन्याय सवयीचा झाला की तो थट्टेच्या रूपात टिकून राहतो.

मग सवाऱ्या घटल्या. कापूस वेचायलाच परवडेना, तेव्हा मजुरी थांबली आणि बाजाराला जाणारे लोक पायी जाऊ लागले. पुंडलिकरावांनी दोन्ही ड्रायव्हरांना अंगणात बोलावले.

"एक गाडी विकून टाकतो. या महिन्यात ज्याची गाडी कमी डिझेल पिईन, तो राहीन. दुसऱ्यानं आपलं पाहावं."

"अन् सवाऱ्या किती बसल्या, ते नाही पाहणार, मालक?" कपिलने विचारले.

"सवाऱ्या भेटतेच. डिझेल फुकट भेटते काय?"

शंकरसिंगाने त्याच संध्याकाळी गाडीतली स्टेपनीही उतरवून घरी नेली. त्याची बायको बिजलीबाई म्हणाली, "आता सीटा काढून टाका. मंग माणसं बी काढा." त्याला त्यात थट्टा ऐकू आली नाही.

महिना निम्म्यावर आला असताना एका सकाळी पुंडलिकराव स्वतः त्याच्या शेजारी येऊन बसले. जीप भरलेली होती. तांड्यापाशी रस्त्याच्या कडेला सुखीबाई बसली होती. ती शंकरसिंगाची मावशी. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवले होते. तिला दमा होता आणि त्या दिवशी श्वास पुरत नसल्याने माथ्यापर्यंत चालणे तिला शक्य नव्हते. मुलाच्या खांद्याचा आधार घेत ती उठली आणि तिने हात केला.

"शंकर, म्हातारी हात करून राह्यली ना," मागून कोणी तरी म्हणाले.

"चढावर गाडी थांबत नाही. तिले मालूम हाय."

"अबे, तुही मावशी हाय ते."

"मावशीलेच तं जास्त मालूम हाय," दुसरा म्हणाला. मागच्या सीटवर हसू पसरले.

शंकरसिंगाने मालकाकडे पाहिले. पुंडलिकराव समोरच्या काचेतून रस्ता पाहत होते. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवला नाही. इंजिनाचा आवाज सबंध चढभर एकसारखा राहिला.

सुखीबाईच्या मुलाने तिला पाठीवर घेतले आणि माथ्यावर नेऊन बसवले, कारण पुढची गाडी तिथेच थांबणार होती. गाडी यायच्या आत ती वारली. दिग्रसहून परतणाऱ्या कपिलने तिला जीपमध्ये घेतले आणि तांड्यापाशी, उतारावर, ब्रेक दाबून उतरवले.

तांड्याच्या नायकाने शंकरसिंगाला शिवी दिली नाही, दंडही केला नाही. त्याच्या गाडीत कोणी बसायचे नाही, एवढेच त्याने सांगितले. पुढच्या खेड्यांनीही तेच केले. कोणी दुःखाने, कोणी केवळ इतरांचे पाहून. महिन्याचे उरलेले दिवस शंकरसिंग मोकळी जीप घेऊन जात-येत राहिला. गाडी चढ अलगद चढे, डिझेलचा काटा हलत नसे, आणि आपला हात आता कुठे बसला अशी त्याची खात्री झाली. माणूस आपल्या शिक्षेलाही आपले कौशल्य समजू शकतो.

महिना संपला. त्याच्या जीपने कपिलच्या जीपच्या मानाने फारच थोडे डिझेल खाल्ले होते. पुंडलिकरावांनी कपिलला ठेवले.

"पैज मी जितलो, मालक," शंकरसिंग म्हणाला.

"जितला ना. कोण नाही म्हणते? पण तुही गाडी रिकामी फिरून राह्यली. उभी ठेवली असती तं अजून कमी पेली असती."

"मी मावशीले तुमच्यासाठी सोडलं, मालक. तुम्ही बाजूले बसले होते."

"मी म्हटलं होतं काय, थांबू नको म्हणून?"

त्यांनी तसे म्हटले नव्हते. त्या वाटेवर त्यांनी एक शब्दही उच्चारला नव्हता, आणि हे दोघांनाही नीट आठवत होते. शंकरसिंगाने किल्ली ओट्यावर ठेवली.

"जाच्या पहिले कपिलले सांगून दे," पुंडलिकराव म्हणाले, "हवा किती ठेवतं, गिअर कधी टाकतं. त्याच्या हातानं लय डिझेल जाते."

कपिल संकोचून दूर उभा होता. शंकरसिंग त्याच्याजवळ गेला, बॉनेट उघडले आणि एअर फिल्टरपासून सांगायला सुरुवात केली. दुपार उलटेपर्यंत तो सांगत राहिला. काहीही हातचे न राखता, एखादी गोष्ट कपिलला नीट उमगली नाही असे वाटले तर ती पुन्हा पहिल्यापासून.