झाकलेली साखर

साखरबाई काहीही समजावून सांगताना आधी समोरच्याचे हात पकडत. खामगावच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची, त्या रसायनशास्त्र. पहिल्याच भेटीत माझ्या हातांवर आपला पदर टाकून त्या म्हणाल्या, "हे पाहा इंग्रजीबाई, साखरेच्या रेणूले असे लय हात असतात. दुसरी साखर जोडाची, तं नको ते हात झाकाचे, एकच मोकळा ठेवाचा. जोडणं झालं का झाकणं काढाची. नाही तं कोण कोणाचा हात धरन, काही नेम नाही!"

अशा साखरेला साखर जोडून त्या लांब साखळ्या घडवत. एकेका जोडणीला महिने लागत. जोड वरच्या बाजूने हवी असली की हटकून खालून बसे. मग त्या काचेच्या चंबूलाच दटावत, "उलटी बसली ना बे!" मी म्हणायची, "निदान कॉलेजात तरी प्रमाण भाषेत बोला." त्यावर उत्तर ठरलेलं, "काऊन? साखरेले समजते ना!"

एके वर्षी त्यांची प्रयोगशाळा चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला तीन जणांची समिती आली. बंद झाली असती तर वर्षानुवर्षं जोडत आणलेली साखळी अर्ध्यावरच राहिली असती. साखरबाई कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या. आठवडाभर माझ्याकडून प्रमाण भाषेचे धडे घेतले होते. प्रयोगशाळेतले मदतनीस रहीमचाचा चहा घेऊन आले. अध्यक्षांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा कारल्यासारखा झाला.

"हा चहा आहे की कडुनिंबाचा काढा?"

चाचा गडबडले. "डब्यातली साखर संपली होती, मॅडम. तुमच्या कपाटातली घेतली. बरणीवर लिहिलं होतं ना, 'झाकलेली साखर'. मले वाटलं, मुंग्यांपासून झाकून ठेवली असन!"

चाचांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून बाईंनी मुद्दाम मराठीत लेबल लावलं होतं. आठही हात झाकलेली साखर होती ती.

"पेऊ नका! विषारी नाही, पण पेऊ नका!" बाईंनी कप ओढून घेतले. आठवड्याचे धडे वाया गेले. मग सवयीने त्यांनी अध्यक्षांचे दोन्ही हात धरले आणि वर पदर टाकला. "सगळेच हात झाकले का साखर जिभेले वळखू येत नाही, सर. कडू लागते. आता तुम्हीच तोंडानं तपासलं."

अध्यक्ष पदराखालच्या आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग खो खो हसत म्हणाले, "बाई, हात सोडाल तर मंजुरीवर सही करतो."

पुढे साखळी पूर्ण झाली. त्या दिवशी चहा चाचांनीच केला, साखर मात्र घरून आणली.

मुलांनो, तुम्ही परदेशी गेलात तेव्हा मी रडले नाही. तुमची खोली आवरली, कपाटं लावली, उशांचे अभ्रे बदलले. साखरबाई आल्या, ती नीटनेटकी खोली पाहिली आणि माझे हात धरून म्हणाल्या, "सगळेच हात झाकून बसल्या तं कडूच होसान ना, इंग्रजीबाई. एक मोकळा ठेवा."

गेल्या वर्षी त्या गेल्या. ते जुनं लेबल आता माझ्या साखरेच्या डब्यावर आहे. आणि हे जे तुम्ही वाचताय, ते त्या मोकळ्या हाताने लिहिलं आहे.