गच्चीवरच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या

प्रणालीच्या पियानोला तिचे वडील वीस वर्षं ‘तुह्यं कपाट’ म्हणत आले. मला याचा राग यायचा, तिला कधीच नाही. मी भावना. अमरावतीच्या होस्टेलात तिची खोलीतली जोडीदार आणि आता अकोल्यात शेजारीण. तिच्या वाट्याचं रागावण्याचं काम पूर्वीपासून माझ्याकडेच आहे.

तिचे वडील खुशालराव अंजनगाव सुर्जीचे. घरची शेती, गावच्या भजनी मंडळात त्यांच्या खांद्यावर वीणा. पोरीने मंडळात पेटी वाजवावी म्हणून दहाव्या वर्षी त्यांनीच तिला अमरावतीला अनसूयाबाईंकडे शिकायला नेलं. बाईंच्या बैठकीत पियानो होता. पेटी उघडायच्या आधीच पोरीने पियानोची एक पट्टी दाबली आणि तो स्वर विरेपर्यंत जागची हलली नाही. मंडळाची पेटीवाली तिथेच हातची गेली. तरी दर रविवारी एसटीने तिला तेच घेऊन यायचे. शिकवणी संपेपर्यंत मात्र बाहेर ओट्यावर बसायचे. “ज्या बाजात बोलच नाही, त्यातलं मले काय समजते?” म्हणायचे.

पुढे ती चेन्नईत शिकली, परीक्षा दिल्या, परत येऊन अकोल्याच्या एका शाळेत संगीत शिकवू लागली. शाळा सुटली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कणीक मुरेपर्यंत, स्वतःच्या रचना लिहायची. त्या पुण्यात वाजल्या, गोव्यात वाजल्या. वऱ्हाडात कुणी विचारलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

यंदा मे महिन्यात शाळेने सभागृह दिलं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, सगळ्या तिच्याच रचना, तिच्याच हातून. तिचा पियानो तिकडे हलवला आणि खुशालराव ऐकायला यायला कबूल झाले. प्रणाली मला म्हणाली, “हॉल रिकामा राहिला तरी चालेल. बाबा मधूनच उठून गेले तर मला सहन होणार नाही.”

शुक्रवारी ते प्रणालीच्या आईला, मैनाबाईंना, घेऊन आले. सभागृह पाहिलं, पियानोवर हात फिरवला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आमच्याकडे उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं पाण्यात भिजवतात, नाहीतर लाकूड आटतं आणि चाकावरची लोखंडी धाव निसटते. जन्म शेतात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पोरीच्या कपाटाला तडा जाऊ नये म्हणून त्यांनी कुणाला न सांगता पियानोचं झाकण उघडलं, सभागृहातला मोठा कूलर त्याच्या तोंडाशी लावला, टाकी काठोकाठ भरली आणि कूलर चालू ठेवून घरी आले.

शनिवारी सकाळी प्रणालीने पट्टी दाबली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. शेजारचीही तशीच. लाकूड आणि आतलं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर ओल धरून फुगलं होतं. पियानो दुरुस्त करणारा नागपूरचा कारागीर रविवारशिवाय येऊ शकत नव्हता. मी खुशालरावांना बोलले. जरा जास्तच बोलले, कबूल करते. त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, “मी जातो गावाले. माह्या हातानं पोरीचं वाटोळं झालं.”

प्रणालीने पिशवी काढून घेतली. “काहून जाता बाबा? ओलं झालं ते वाळवता येते. तुमच्याएवढं लाकूड इथं कोणाले समजते?”

कारागिराने फोनवर सांगितलं तसं तिने आतला हातोड्यांचा सांगाडा काढून सावलीत ठेवला आणि एकेक पट्टी उचलून बाहेर घेतली. प्रत्येकीवर नंबर होता. मैनाबाईंनी शाळेच्या गच्चीवर टिनाच्या शेडखाली लुगडं अंथरलं आणि कुरडया घालाव्यात तशा अठ्ठ्याऐंशी पट्ट्या ओळीने मांडल्या. “नंबर कोनी हलवू नका,” असा सगळ्यांना दम दिला. गरम वारं सुटलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ते बरं वाटलं. पेरणीआधी मातीचा वाफसा पाहावा तसे खुशालराव उकिडवे बसून प्रत्येक पट्टी अंगठ्याने चाचपत होते. “हे झाली. हे राहू द्या अजून.”

चार वाजता पट्ट्या परत बसवल्या. सत्त्याऐंशी खाली जाऊन वर येऊ लागल्या. चव्वेचाळीस नंबरची अडून बसली. खुशालराव ती एकटी घेऊन पुन्हा गच्चीवर गेले आणि साडेपाचला घामाघूम होऊन परतले. ती बसवेपर्यंत लोक आत यायला लागले होते.

प्रणाली तासभर वाजवत होती आणि मी खुशालरावांकडे पाहत होते. ते पहिल्या रांगेत ताठ बसलेले, नजर तिच्या हातांवर. ते उठले नाहीत. शेवटच्या रचनेत संथ भाग आला तेव्हा माझ्या जिवाला लागलेला घोर गेला आणि मी सरळ रडून घेतलं. टाळ्या झाल्या. त्यांनी वाजवल्या नाहीत.

लोक पांगल्यावर ते पियानोपाशी गेले. चव्वेचाळीस नंबरची पट्टी अंगठ्याने दाबली, सोडली.

“आली वर,” म्हणाले. मग पोरीकडे वळले. “आता पुन्हा एक डाव वाजव, माय. मघा मी निस्त्या पट्ट्याच पाहून राहिलो होतो.”

प्रणाली पुन्हा स्टुलावर बसली. त्यांनी खुर्ची कपाटाला अगदी चिकटवून घेतली आणि डोळे मिटले.