अदारची चौथी

ब्रोन्याचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. बुएनोस आयरेसच्या आमच्या भागात तिचं नाव माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. नाझींच्या छावणीतून जिवंत आलेली, पुस्तक लिहिलेली, शाळाशाळांत जाऊन बोलणारी. लष्करानं लोकांची तरणी मुलं गायब केली, तेव्हा त्या आयांबरोबर दर गुरुवारी चौकात फेऱ्या घालायला ही हजर. हिला स्वतःचं मूलबाळ नसताना. छावणीतून मीही आले. पण मी कोट शिवले, आणि कोट शिवणारीचा फोटो कोणी छापत नाही.

फोटोचं जाऊ द्या. खरं दुखणं वेगळंच आहे. माझी धाकटी बहीण रायझल शेवटी ब्रोन्याजवळ होती. मला आधीच दुसऱ्या छावणीत, कारखान्यावर हाकललं होतं. सख्खी बहीण मी, आणि तिचे शेवटचे दिवस हिच्या वाट्याला. म्हणून ब्रोन्यानं दिलेली पुस्तकाची पहिली प्रत मी बावीस वर्षं उघडलीच नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "वाचलं. बरं आहे."

रायझलच्या आठवणीचा दिवा मी आमच्या ज्यू पंचांगातल्या तेवेत महिन्याच्या दहावीला लावते. ज्यांच्या मरणाची तारीख ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आमच्यात तोच दिवस नेमलेला आहे. ब्रोन्या दरवर्षी येते, गप्प बसते, चहा पिऊन जाते.

पुढे त्याच पंचांगातल्या अदार महिन्यात मात्र एक दिवस ती कोणालाच दार उघडत नाही. "लेखिकाबाईंची लहर," असं मी बेकरीत सगळ्यांना ऐकवायचे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

"त्सिपा, उद्या शाळेत माझं पान तू वाच," ती म्हणाली.

"मी? माझ्या आवाजाला मुलं पळून जातील."

"जाऊ देत. आधी इथे वाचून दाखव."

खूण घातलेलं पान मी उघडलं. रायझल अदारच्या चौथीला पहाटे गेली होती, ब्रोन्याच्या मांडीवर. तापात ती ब्रोन्यालाच 'त्सिपा' म्हणून हाक मारत होती. ब्रोन्यानं लिहिलं होतं, 'मी ओ देत राहिले.'

मी पुस्तक टेबलावर आपटलं. "तारीख माहीत होती, तर तोंडानं सांगता येत नव्हतं? इतकी वर्षं मी भलत्याच दिवशी दिवा लावतेय."

"वाचलं म्हणाली होतीस ना? मला वाटलं, तुला तुझा वेगळा दिवस हवाय. माझ्याबरोबर वाटून घ्यायचा नाहीये."

आपटलेलं पुस्तक मी उचललं आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

यंदा अदारची तिसरी सरून चौथी लागताना, म्हणजे सूर्य मावळायच्या सुमारास, कारण आमची तारीख तेव्हाच बदलते, मी तिचं दार वाजवलं. आत सामसूम.

"अगं, त्सिपा आलीय," मी ओरडून सांगितलं.

दार उघडलं. टेबलावर दिवा तयार होता, अजून लावलेला नव्हता. तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली.

हेवा काही गेलेला नाही. रायझलच्या हाकेला ओ तिनं दिली, मी नाही. पण दिवा मी लावला.