भिंतीतलं लोखंड

बेळगावच्या एका इस्पितळात कॅन्सरच्या किरणोपचारांची खोली बांधायची होती. तिच्या भिंतींचं काम माझ्याकडं होतं. किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून काँक्रीट जड लागतं. आम्ही त्यात जवळच्याच मच्छे गावच्या फाउंड्रीतली टाकाऊ धातुमळी आणि लोखंडाचा चुरा मिसळला. आक्काच्या नवऱ्यानं, माझ्या दाजींनी, त्याच फाउंड्रीत जन्म काढला होता. खोली पुरी झाली तेव्हा दाजी हयात नव्हते.

पुढं आक्कालाच तिथं न्यावं लागलं. दाराशी तिनं माझा हात घट्ट धरला.

"एकटीच ऱ्हायाचं व्हय रं आत?"

"व्हय आक्का, थोडाच वेळ." मग भिंतीत काय घातलंय ते सांगितलं.

तिनं भिंतीवरून हात फिरवला. "मग एकटी कुठली? तुझं दाजी हायतच की," म्हणाली आणि आत गेली.

बाहेरच्या पडद्यावर ती मला दिसत होती. तिचे ओठ हलत होते. नंतर विचारलं, तर म्हणाली, "आमचं आमचं असतंय."

उपचार संपले, पण आजार हटला नाही. दिवाळीआधी आक्का गेली. अजून कामानिमित्त त्या इस्पितळात जातो, पण त्या खोलीकडं पाय वळत नाहीत.